विश्लेषण : संगणक बिघडला की कुलूपबंद झाला? विंडोजची ४८ अंकी किल्ली मागणारा निळा पडदा काय सांगतो?

घरचा संगणक चालू केल्यावर डेस्कटॉपऐवजी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. पासवर्ड टाकायला जागाच नसते. अनेकांना ही किल्ली म्हणजे काय, हेच ठाऊक नसते. मग संगणक दुकानात जातो आणि ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असे उत्तर मिळते. पण या पडद्याचा अर्थ संगणक खराब झाला असा होत नाही. बऱ्याचदा यंत्र धडधाकट असते, फक्त कुलूप लागलेले असते. हे कुलूप लावले कोणी आणि त्याची किल्ली असते कुठे?

हे कुलूप नेमके काय आहे?

विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ नावाची सोय आहे. ती डिस्कवरची सगळी माहिती सांकेतिक रूपात साठवते. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी त्याला काहीच वाचता येत नाही. बिटलॉकरची पूर्ण आवृत्ती विंडोजच्या ‘प्रो’ आणि त्यावरच्या प्रकारांत मिळते. ‘होम’ प्रकारात तिचेच साधे रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीत यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी शिथिल झाल्या. त्यामुळे नव्या संगणकावर किंवा विंडोज नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की अधिक संगणकांत हे कुलूप आपोआप लागू लागले. जुन्याच विंडोजवर नुसते अपडेट घेतले, तर ते आपोआप लागत नाही.

रोज न मागितली जाणारी किल्ली एके दिवशी का मागितली जाते?

मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये ‘टीपीएम’ नावाची सुरक्षा व्यवस्था असते. संगणक सुरू होताना ती सुरुवातीच्या सगळ्या टप्प्यांची नोंद घेते. सगळे नेहमीसारखे असेल तर ती स्वतःच कुलूप उघडते आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मात्र बायोस अपडेट झाले, सुरक्षेची एखादी सेटिंग बदलली किंवा मदरबोर्डच बदलला, तर तिला संशय येतो आणि ती किल्ली मागते. चोर आणि मालक यांच्यातला फरक तिला कळत नाही. तिला कळतो तो फक्त बदल.

असा बदल नेहमी मालकानेच केलेला असतो असे नाही. जुलै २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही संगणकांवर हा पडदा आला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्टच्या अपडेटमध्ये त्यावर उपाय दिला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या संगणकांवर तोच प्रकार घडला आणि कंपनीला काही दिवसांतच तातडीचे दुरुस्ती-अपडेट काढावे लागले.

क्राउडस्ट्राइकच्या गोंधळाशी याचा काय संबंध?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने कंपन्या वापरतात, त्यामुळे घरचे संगणक बहुतांशी वाचले. पण एक गोष्ट उघड झाली. दुरुस्ती तशी सोपी होती : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची. मात्र डिस्कला बिटलॉकर असेल तिथे आधी ४८ अंकी किल्ली लागत होती. ती हाताशी नव्हती तिथे काही मिनिटांचे काम रखडले.

कंपन्यांकडे निदान किल्ल्यांची नोंद ठेवणारा आयटी विभाग असतो. घरी ते काम कोणाकडेच नसते.

मग किल्ली असते कुठे?

कुलूप आपोआप लागले असेल, तर किल्ली साधारणपणे ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात जमा होते. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात लॉग-इन करून ‘डिव्हाइसेस’ विभागात ती पाहता येते. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांक दिसतो. खात्यात एकाहून अधिक किल्ल्या असतील, तर तो जुळवून योग्य किल्ली निवडायची. २४एच२ पासून किल्ली कोणत्या खात्यात आहे, याचा संकेतही पडद्यावर मिळतो.

खरी अडचण इथेच येते. अनेक घरांत संगणक पहिल्यांदा सुरू करून देतो तो दुकानदार, भाचा किंवा ऑफिसातला सहकारी. खाते त्याच्या ईमेलवर उघडलेले असते, किंवा त्या वेळी घाईत तयार केलेल्या आणि नंतर विसरलेल्या ईमेलवर. लॅपटॉप कंपनीने किंवा कॉलेजने दिलेला असेल, तर किल्ली त्यांच्या आयटी विभागाकडे असू शकते. म्हणून संगणक ‘लावून’ कोणी दिला, हा प्रश्न आधी विचारावा.

किल्ली सापडलीच नाही तर?

मग डिस्कवरची माहिती परत मिळण्याची आशा जवळपास संपते. हरवलेली किल्ली आपल्यालाही नव्याने तयार करून देता येत नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्टपणे सांगते. पैसे घेऊन ‘विनाकिल्ली’ कुलूप उघडून देण्याचा दावा करणाऱ्यांपासून त्यामुळे सावध राहावे. फॉरमॅट केल्यावर संगणक सुरू होतो, पण मुलांचे फोटो, आयकराची कागदपत्रे, अर्धवट प्रबंध सगळे जाते. म्हणून किल्लीचा शोध पूर्ण होईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.

संगणक सुरू न होण्याचे प्रत्येक कारण हेच असते का?

नाही. दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही, तर आधी चार्जर, वायर आणि प्लग तपासावा. आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, तर पेनड्राइव्ह आणि प्रिंटर काढून पुन्हा प्रयत्न करावा. मॉनिटर वेगळा असेल तर त्याची केबलही पाहावी. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकले नाही, तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि शेवटचे अपडेट काढून टाकण्याचे पर्याय मिळतात. पण डिस्क कुलूपबंद असेल, तर यातल्या काही पर्यायांनाही तीच किल्ली लागू शकते.

‘जून २०२६ नंतर जुने संगणक सुरूच होणार नाहीत’ हे खरे का?

‘सिक्युअर बूट’ या सुरक्षा व्यवस्थेची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे येतात, हे खरे आहे. मात्र नवी प्रमाणपत्रे मिळाली नाहीत म्हणून संगणक बंद पडणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे. तो सुरू होईल, फक्त सुरुवातीच्या टप्प्याशी संबंधित नवी सुरक्षा दुरुस्ती त्याला मिळणार नाही. या कामासाठी काही संगणकांना बायोस अपडेट लागू शकते आणि बायोस बदलल्यावर किल्ली मागितली जाऊ शकते. म्हणजे अफवेला घाबरण्याचे कारण नाही, पण किल्ली आधी शोधून ठेवण्याचे आहे.

आज काय करावे?

संगणक चालू असतानाच ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ इथे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का ते पाहावे. सुरू असेल, तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली किल्ली कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. त्याच संगणकात ठेवू नये आणि लॅपटॉपच्या बॅगेतही नको. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीला देण्याआधी किल्ली हाताशी असल्याची खात्री करावी.

कुलूप वाईट नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती तेच वाचवते. पण मालकाच्या हाती किल्ली नसेल, तर चोरासाठी लावलेले कुलूप मालकालाच बाहेर ठेवते.