एकोणचाळीस मिनिटांचा प्रश्न

शाळकरी मुलाला भारताची प्रमाणवेळ विचारली, तर साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त, मिर्झापूर आणि ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, एवढे सारे तो एका दमात सांगून मोकळा होतो. भूगोलाच्या पुस्तकातही हा विषय तेवढ्याच ओळींत आटोपलेला असतो. डोंगर, नद्या आणि मोसमी वारे यांच्या शेजारी छापलेली ही रेषा जणू निसर्गानेच आखून ठेवली आहे, असा समज मुलाने करून घेतला तर तो त्याचा दोष नव्हे. ही रेषा माणसांनी निवडली, तीही परक्या सरकारच्या कचेरीत. आणि ती अंमलात आली तेव्हा मुंबईत गिरण्यांवर दगड पडले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

विज्ञानाचा इतिहास म्हणजे शोध, संशोधक आणि सन यांची यादी, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. यंत्र आले, लोक प्रथम बावरले, मग शहाणे झाले आणि सुखी झाले, असा तिचा सारांश असतो. प्रमाणवेळेची हकीकत या साच्यात बसत नाही. म्हणूनच ती मुळातून पाहण्याजोगी आहे.

आगगाडी येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ स्वतंत्र होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावी मध्यान्ह, असा सरळ हिशेब होता. घंगाळातील पाण्यावर तरंगणारी तळाशी भोक पाडलेली वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, संपली. लग्नाच्या मुहूर्ताला यापेक्षा अधिक काटेकोरपणाची गरज नव्हती. पृथ्वीच्या फिरण्यामुळे रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबईत बारा वाजत तेव्हा पुण्यात बारा वाजून चार मिनिटे आणि नागपुरात सुमारे पंचवीस मिनिटे झालेली असत. यात कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण नागपूरला पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे लागत, आणि तेवढ्या प्रवासानंतर पंचवीस मिनिटांचा जाब कोण विचारणार?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि हा निवांतपणा संपण्याचा मुहूर्त लागला. एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांची घड्याळे पाच मिनिटांनी जरी भिन्न असली, तरी त्या पाच मिनिटांची किंमत प्राणांनी मोजावी लागते. शिवाय तारायंत्रामुळे दूरच्या गावची वेळ क्षणात कळू लागली आणि आजवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेली विसंगती उघड्यावर आली. तेव्हा सर्व रेल्वेमार्गांना एकच वेळ हवी, ही गरज खरी होती. ती कोणाच्या लहरीतून निघालेली नव्हती. मद्रासला जुनी वेधशाळा होती आणि रेखांशाच्या दृष्टीने ते शहर मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मधोमध पडे. म्हणून भारतातील रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ पत्करली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. मुंबईकरांनी स्टेशनच्या फाटकातून आत जाताना मद्रासचे घड्याळ मानले आणि बाहेर पडताना आपले. याबद्दल फारशी कुरकुर झाल्याचे दिसत नाही. गाडीत बसणाऱ्याने गाडीची वेळ पाळावी, हे साध्या माणसालाही पटण्यासारखे होते.

बिनसले ते पुढे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावण्याचा हुकूम काढला. स्टेशनातले घड्याळ आता शहरात शिरले. त्याविरुद्ध मोठी ओरड झाली आणि दोनएक वर्षांत सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. मात्र प्रश्न तेथे मिटला नाही. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी भरवलेल्या परिषदेत ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य अंशाचे ठरले. जगाची घड्याळे ग्रिनिचशी जुळविण्याची दिशा त्यामुळे निश्चित झाली आणि भारत सरकारने १९०५ मध्ये त्याच दिशेने निर्णय घेतला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचपेक्षा चार तास एकावन्न मिनिटे पुढे होती. म्हणजे मुंबईकराने आपले घड्याळ एकोणचाळीस मिनिटांनी पुढे सारावयाचे होते.

एकोणचाळीस मिनिटे म्हणजे दीड घटकेहून थोडी अधिक. ज्याच्या बंगल्यात दिवा आहे आणि ज्याची कचेरी दहाला उघडते, त्याला हा काळ चहाच्या दोन पेल्यांचा. गिरणगावातील माणसाचा हिशेब वेगळा होता. गिरणीचे दार नव्या घड्याळाप्रमाणे सहाला उघडणार असेल, तर जुन्या घड्याळाच्या पाच वाजून एकवीस मिनिटांनाच त्याला दाराशी उभे राहावे लागणार. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय मुंबईच्या वेळेने साडेसहाच्या सुमारास होतो. चाळीतील अंधाऱ्या खोलीतून काळोखात उठायचे, नळावर रांग लावायची, भाकरी बांधून घ्यायची आणि भोंग्याच्या आधी पोहोचायचे, या सगळ्यातून आणखी एकोणचाळीस मिनिटे झोप कापली जाणार, हे त्याला समजण्यास खगोलशास्त्राची गरज नव्हती. संध्याकाळी तेवढेच लवकर सुटाल, असे उत्तर देता आले असते. परंतु त्या उत्तरावर त्याने कशाच्या बळावर विश्वास ठेवावा? याच सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे आले होते आणि सूर्य मावळला की काम थांबते हा जुना नियम त्यांनी मोडीत काढला होता. १९०५ मध्ये मुंबईतील अनेक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला, आणि कामगारांनी त्याविरुद्ध त्याच वर्षी निदर्शने केली होती. प्रौढ पुरुष कामगाराला बारा तासांची कायदेशीर मर्यादा मिळण्यास १९११ चा फॅक्टरी कायदा यावा लागला. विजेचा दिवा हाही विज्ञानाचाच प्रसाद. तो ज्याच्या हाती पडला त्याने त्याचा उपयोग आपल्या सोयीने केला. एका शोधाने रात्र खाल्ली होती. आता दुसरा पहाट खाणार, असे कामगाराला वाटले असेल तर त्याला अडाणी म्हणणाऱ्याने आधी त्याच्या जागी एक पहाट काढून पाहावी.

१९०६ च्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम बंद केले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. विरोधाचे लोण शहरात पसरले. पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या. सुधारणेच्या शत्रूंनी घातलेला हा गोंधळ, अशी या साऱ्याची संभावना त्या वेळी करता आली आणि नंतरच्या काळातही ती करणे सोपे गेले.

वस्तुतः कामगारांना घड्याळाचे वावडे नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये पाच हजारांहून अधिक गिरणी कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला, त्यातील मागण्या या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. दिवसाचा आरंभ घड्याळाने आणि शेवट सूर्याने! दोन मापे अशी एकत्र बांधण्यात गोंधळ नाही, मोठे व्यवहारज्ञान आहे. सकाळी मालकाने मनमानी करू नये म्हणून घड्याळ साक्षीला हवे. संध्याकाळी मात्र घड्याळापेक्षा सूर्यावर भरवसा अधिक, कारण सूर्याचे काटे कोणाला फिरवता येत नाहीत. इंग्लंडमधील गिरण्यांतही सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे केले जाई, अशा तक्रारी तेथील कामगारांनी एकोणिसाव्या शतकात केल्याच होत्या. साप्ताहिक सुटी मिळाली ती १८९० मध्ये. यंत्रावरील कामगाराने कालमापनाचा स्वीकार केला, तो आपल्या अटींवर करता यावा एवढेच त्याचे मागणे होते.

विरोध हा केवळ पौर्वात्य मागासलेपणाचा नमुना होता असे म्हणावे, तर पश्चिमेचा इतिहास त्याला साथ देत नाही. इंग्लंडात रेल्वे कंपन्यांनी १८४० नंतर लंडनची वेळ लावण्यास आरंभ केला, तेव्हा एक्सेटर शहरातील मोठ्या चर्चचे घड्याळ १८५२ पर्यंत स्थानिक वेळेला चिकटून राहिले. कायद्याने सर्व ब्रिटनला एक वेळ मिळाली ती १८८० मध्ये. म्हणजे चाळीस वर्षे त्या देशाने घरच्या लोकांना दिली. फ्रान्सची गोष्ट तर मौजेची आहे. ग्रिनिचचे नाव घेणे अपमानाचे वाटल्यामुळे त्या देशाने १९११ मध्ये जो कायदा केला, त्यात फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसच्या वेळेतून नऊ मिनिटे एकवीस सेकंद वजा जाता उरणारी वेळ, अशी व्याख्या केली. वजाबाकीचे उत्तर ग्रिनिच हेच येत होते, पण कायद्यात ते नाव आले नाही. एवढे लाड करून घेण्यासाठी स्वतःचे राज्य असावे लागते.

मुंबईला ते नव्हते. नगरपालिका मात्र होती. १९०६ मध्येच मुंबईच्या नगरपालिकेने आपल्या कारभारापुरती मुंबईची वेळ कायम ठेवण्याचे ठरविले. वंगभंगाने देश तापलेला असताना लॉर्ड कर्झनच्या राजवटीतून निघालेली वेळ नाकारण्यात स्वाभिमानाचा भाग होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पण येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. नगरपालिकेच्या सभागृहातील प्रतिष्ठितांचा लढा आणि गिरणीच्या दारावरील लढा एक नव्हता. पहिल्यांना आपल्या शहराचा मान हवा होता आणि दुसऱ्यांना आपली झोप. मान राखला गेला. गिरणी कामगाराच्या दिवसाचे तास मोजण्याचा प्रश्न त्या सभागृहापुढे तितक्याच आवेशाने आला असता, तर या लढ्याचे मोल कितीतरी वाढले असते.

पुढे पन्नास वर्षे मुंबईत दोन वेळा नांदल्या. रेल्वे आणि तारखाते एका वेळेने, नगरपालिका दुसऱ्या वेळेने. भेट ठरविताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम’ असा प्रतिप्रश्न करण्यावाचून गत्यंतर नसे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकलली, तेव्हा तर मुंबईची वेळ आणि सरकारी वेळ यांत एक तास एकोणचाळीस मिनिटांचे अंतर पडले. आरंभी निषेधाचे चिन्ह असलेली ही वेळ हळूहळू नुसती सवय झाली आणि सवयीची अडचण सोसणाऱ्यांत पुन्हा सामान्य माणूसच पुढे होता. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबईने १९५५ मध्ये. जो निर्णय परक्या सरकारने लादला म्हणून अर्धशतक नाकारला गेला, तोच स्वतःचे राज्य आल्यावर सहज पत्करला गेला. साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेत मधल्या काळात काही बदल झाला नव्हता. सूर्यही आपल्या जागी होता. आजदेखील मुंबईत तो माथ्यावर येतो ते सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी.

एक देश एक वेळ, ही सोय मोलाची आहे यात शंका नाही. पण सोयीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, आणि तो कोणावर पडतो हे सांगण्याचे काम खगोलशास्त्राचे नव्हे. ते ज्याच्यावर पडतो त्यालाच विचारावे लागते. १९०६ मध्ये ते विचारले गेले नाही. सरकार परके होते म्हणून ही चूक झाली असे मानून स्वस्थ बसता आले असते, जर हाच प्रश्न स्वराज्यातही पुन्हा उभा राहिला नसता.

भारताचा विस्तार रेखांशाच्या सुमारे एकोणतीस अंशांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा आहे. मुंबईच्या वाट्याला जे एकोणचाळीस मिनिटांचे अंतर आले, तसेच, किंबहुना त्याहून अधिक, ते उलट बाजूने आसाम व अरुणाचल प्रदेशाच्या वाट्याला आले आहे. उन्हाळ्यात तेथे साडेचारच्या सुमारास लख्ख उजाडते, आणि कचेऱ्या व शाळा मात्र सार्‍या देशाच्या घड्याळाने उघडतात. सकाळचा उजेड वाया जातो आणि संध्याकाळी दिवे लवकर लावावे लागतात. ईशान्येला स्वतंत्र वेळ द्यावी ही मागणी आसाम आणि अरुणाचलच्या मुख्यमंत्र्यांनीही केली होती. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्यासंबंधीची याचिका फेटाळली. देशाची वेळ राखण्याचे काम जिच्याकडे आहे, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन वेळांची योजना प्रसिद्ध केली. पश्चिम बंगाल व आसाम यांच्या सीमेजवळून जाणाऱ्या रेषेवर एक तासाचा फरक करावा, तेथे रेल्वेची स्थानके थोडी असल्याने घड्याळे हाताने बदलणेही शक्य आहे, असा तिचा आशय होता. म्हणजे या वेळी विज्ञान स्थानिक माणसाच्या बाजूने उभे राहिले. केंद्र सरकारने मात्र एकच वेळ राखण्याचा पक्ष सोडलेला नाही. दोन वेळांमुळे रेल्वेला अपघाताचे भय वाढेल हे कारण त्यामागे दिले जाते, आणि ते एकोणिसाव्या शतकात जितके खरे होते तितके, यंत्रांनी सिग्नल चालविण्याच्या या काळात उरले आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

तोवर आसामातील चहाच्या मळ्यांत मजुरांचा दिवस जुन्या वहिवाटीप्रमाणे ‘चायबागान टाइम’नेच उगवतो. मळ्याच्या आत घड्याळ एक तास पुढे असते. फाटकाबाहेर ते पुन्हा मिर्झापूरचे होते.