भुंगा वर, घर खाली

माडाच्या नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की बागायतदाराचा पहिला फोन पाडेल्याला जातो. तो चढतो, तारेचा आकडा घालून सुईतला गेंड्या भुंगा ओढून काढतो, पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकतो नि उतरतो. काही दिवसांनी दुसरा भुंगा हजर! यात पाडेल्याची काही चूक नाही. आपण शेंड्याकडे बघत राहतो आणि भुंगा पैदा होतो जमिनीवर.

वाडीत पडलेला माडाचा कुजका ओंडका कुऱ्हाडीने फोडून बघा. ओलसर भुशात बोटाएवढी जाड, अर्धगोल वळलेली पांढरट अळी निघेल, तपकिरी डोक्याची. कित्येक महिने ती कुजकंच खाते, हिरव्या माडाला तोंड लावत नाही. शेणखताचा खड्डा हे तिचं दुसरं माहेर. भुंगा झाल्यावरच तो शेंडा गाठतो, आणि त्याने केलेल्या जखमेत सोंड्या नावाचा दुसरा भुंगा अंडी घालतो. सोंड्या शिरला की माड हातचा गेलाच म्हणा. गेंड्या भुंग्याच्याच ओरिक्टिस प्रजातीतला युरोपातला भाऊबंदही कुजक्या लाकडात वाढतो, पण पिकाच्या वाटेला जात नाही. जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या वाट्याला मात्र हा आला.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या. पडलेल्या माडाला गिऱ्हाईक नाही, उचलायला मजुरी परवडत नाही. मग तो कुंपणाकडेला लोटला जातो आणि पाऊस त्याला भिजवत राहतो. भुंग्याला आणखी काय हवं?

एकदा बोकाळला की त्याला आवरणं सोपं नाही. सामोआ बेटांवर हा भुंगा १९०९ च्या सुमारास सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर पोचला. मलेशियात १९६३ साली सापडलेला, त्याला मारणारा विषाणू १९६७ मध्ये सामोआत सोडला, तेव्हा कुठे तो आवरला. आपल्याकडे खतखड्ड्यात मेटॅरायझियम बुरशी घालायची शिफारस आहे, बादलीचे गंधसापळेही मिळतात. ते जरूर वापरा. पण शेजारीच ओंडका कुजत असेल, तर सापळ्याचे पैसे पाण्यात.

पावसाला अजून अवकाश आहे. ओंडके फोडून वाळवा, जाळा. खतखड्डा खालीवर करा आणि निघालेल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाका. शेजाऱ्याच्या वाडीतला ओंडकाही दाखवून द्या, कारण भुंगा गडगा मानत नाही.