कुलूपबंद कपाटे आणि एकाकी मुले

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर शुकशुकाट पसरतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. हंगामी वसतिगृहांतून मुलांच्या जेवणाची सोय होते. २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेसही मान्यता मिळाली. पोटाच्या प्रश्नाची अशी दखल घेतली गेली, हे योग्यच झाले. मनाचा प्रश्न मात्र कोणत्याच खात्यात मोडत नाही.

तेरा-चौदा वर्षांचे वय मुळातच अडनिडे. त्यात आई-वडील दूर, आणि मुलगी असेल तर लग्नाची टांगती तलवार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झाले होते. एवढे ओझे वाहणाऱ्या मुलांना ते बोलून दाखवण्यास शब्द सापडत नाहीत. पुस्तक देऊ शकते ते नेमके हेच. शिक्षणासाठी घरच्या दारिद्र्याशी झुंजणारा आनंद यादवांच्या ‘झोंबी’तील (१९८७) मुलगा किंवा लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तील (१९८०) भटके बालपण वाचताना ‘हे आपल्यासारखेच कोणीतरी’ अशी ओळख पटते. दुसऱ्याच्या गोष्टीविषयी बोलता बोलता मूल स्वतःविषयी बोलू लागते.

परंतु त्यासाठी पुस्तक हाती पडले पाहिजे. अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट. दोष केवळ शिक्षकांचा नव्हे. पुस्तक हरवले तर हिशेब कोणी द्यावयाचा, या धास्तीने किल्ली खिशातच राहते. खडू झिजला म्हणून कोणी जाब विचारीत नाही. मग हाताळून फाटलेल्या पुस्तकाचाच जाब का विचारावा? दरवर्षी काही पुस्तके झिजणार, हरवणार, हे गृहीत धरून ती खर्ची टाकण्याची मुभा शाळांना लेखी दिली जावी. ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळी वसतिगृहात पुस्तकांची पेटी उघडी असावी, आणि आठवड्यातील एक तास प्रश्नोत्तरांविना, गुणांविना केवळ वाचनाचा असावा.

गोष्टीच्या पुस्तकाने बालविवाह थांबतो काय, असे कोणी विचारील. थांबत नाही, त्यासाठी कायदा आहे, १०९८ ही मदतवाहिनी आहे. पुस्तक समुपदेशकाची जागा घेऊ शकत नाही, आई-वडिलांची तर नाहीच. तथापि कायद्यापर्यंत पोहोचण्यासाठी मुलीने आधी कोणाजवळ तरी तोंड उघडले पाहिजे. वाचनाच्या तासाला जिच्याशी मोकळेपणाने बोलणे झाले, त्या शिक्षिकेजवळ ती ते उघडण्याचा संभव अधिक.

कपाटातील कोरी करकरीत पुस्तके तपासणी अधिकाऱ्याला समाधान देतील. शाळेची खरी शोभा मात्र पाने दुमडलेल्या, कडा मळलेल्या पुस्तकांत आहे.