घरात ठेवणे म्हणजे घरी उपचार नव्हे

मनोरुग्णाला इस्पितळात न नेता, तिथे मिळतील तेच उपचार त्याच्या घरी द्यावेत, हा विचार आता आपल्याकडेही बोलला जाऊ लागला आहे. मी त्याच्या बाजूने आहे. पण तो ऐकून दोघे जण फार लवकर खूश होतात आणि माझे भांडण त्या दोघांशी आहे. एक आपला मोहल्ला, दुसरे सरकार. मोहल्ल्याला वाटते, इज्जत झाकली गेली. सरकारला वाटते, खाट वाचली.

आधी घरचे भांडण. आपल्याकडे छाती पुढे काढून सांगितले जाते, "आम्ही आमच्या माणसाला ठाण्याला टाकत नाही, येरवड्याला पाठवत नाही, घरीच सांभाळतो." हे सांभाळणे मी पाहिले आहे. पहिली दोन वर्षे आसेब म्हणून जातात. आमिल, ताबीज, दम केलेले पाणी, मग हाजी मलंग, मग गुजरातेत मीरा दातार. त्यानंतर कोणी तरी डॉक्टरकडे नेतो. गोळ्यांनी झोप येते, तोंड सुकते. हे कशाने होते आणि किती दिवस होईल, हे समजावून सांगायला कोणी नसते, म्हणून पंधरा दिवसांत गोळ्या बंद. शेवटी मागची खोली आणि दाराला बाहेरून कडी. याला घरी उपचार म्हणायचे असेल तर तुरुंगालाही वसतिगृह म्हणता येईल.

आणि सांभाळते कोण? माझ्याकडे आठवीत एक हुशार मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही म्हणून मी घरी गेले. अब्बा लूमवर, भावाची दहावी. ती उंबऱ्यातच बसली होती. "टीचर, अम्मी को अकेला छोडा तो वो गॅस खोलती," एवढेच म्हणाली. बी.एड.ला आम्हाला गळतीची कारणे पाठ करायला लावली होती : दारिद्र्य, बालविवाह, शाळेचे अंतर. आईचा आजार त्या यादीत नव्हता. तेरा वर्षांची ती मुलगी त्या घरातली नर्स होती, आया होती आणि पहारेकरीही होती. रात्री दोन वाजता काही झाले तर विचारायला माणूस नव्हता. नववीच्या हजेरीपटावर तिचे नाव आलेच नाही.

आजारी बाई असेल तर तिला माहेरी पोचवतात. आजारी पुरुष असेल तर बायकोने झाकून न्यायचे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने, नवरा दोन वर्षे वेडा असेल तर पत्नीला न्यायालयाकडून फसख मागता येतो. निकाहाच्या वेळी हे किती मुलींना कोणी सांगते?

एरवाडीची आठवण इथे काढावीच लागते. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवण्याची झापांची छपरे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका छपराला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी दर्ग्याला झोडपले, आपल्या लोकांनी वर्तमानपत्रांना झोडपले. ज्यांनी आपली माणसे तिथे आणून सोडली त्यांचे काय? ते सगळे निर्दय नव्हते. घरी सांभाळून थकले होते, आणि त्यांच्या दारापर्यंत वर्षानुवर्षे एकही नर्स आली नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर पूर्ण बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण मागच्या खोलीची कडी काढायची तर तिथे कोणी तरी जावे लागेल.

घरातले इस्पितळ म्हणजे नेमके काय, हे जर्मनीकडे पाहिले की कळते. तिथे २०१७ पासून कायद्यातच अशी सोय आहे. ज्याला खरोखर दाखल करावे लागले असते, अशाच रुग्णासाठी ती आहे. डॉक्टर, नर्स, समाजसेवक, थेरपिस्ट यांचे पथक. रोज किमान एकाची प्रत्यक्ष भेट. आठवड्यातून एकदा तज्ज्ञ डॉक्टर. रात्री-अपरात्री फोन उचलणारे कोणी. घरातल्या इतर प्रौढांची संमती लागते आणि घरात मूल असेल तर त्याच्या हिताचा विचार करावा लागतो. हे शेवटचे कलम वाचून मला माझी आठवीतली मुलगी आठवली नसती तरच नवल. इंग्लंडमध्ये २००० च्या आरोग्य योजनेत अशी ३३५ पथके उभी करायचे ठरले होते.

यावर कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची चैन आहे. चूक. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये शैला पै आणि रवि कपूर यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी ठेवून, घरी जाणाऱ्या नर्सच्या मदतीने उपचार करून पाहिले आणि त्यांची तुलना इस्पितळात दाखल झालेल्यांशी केली. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले : घरचे रुग्ण अधिक सुधारले, कुटुंबावरचा भार कमी झाला, खर्चही कमी आला. अभ्यास छोटा होता. तो मोठा करून पाहणे सरकारचे काम होते. पुढे तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात २८२ रुग्णांवर अभ्यास झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात, गोळ्यांची चौकशी करत, घरच्यांशी बोलत. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निकाल असा की, केवळ दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा यांची स्थिती थोडी बरी राहिली. थोडीच, हे मी लपवत नाही. पण ते कार्यकर्ते होते, घरी आलेले इस्पितळ नव्हते.

आता सरकार. २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात मानसिक उपचार हा हक्क म्हटला आहे, कुटुंबाला आधार आणि घरी पुनर्वसन हेही त्यात लिहिले आहे. कागद उत्तम. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचे दिसले. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी मनोरुग्णालये. मराठवाड्यातल्या माणसाला यातले एकही जवळचे नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तो जरूर फिरवावा. पण फोन गॅसची नळी बंद करायला येत नाही. आणि 'घरपोच सेवा' म्हणून उद्या आशाताईच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर कोंबले, तर तो उपचार नव्हे. तिचे मानधन आधीच तिच्या कामाला लाजवते.

प्रत्येकाला घरीच ठेवा असेही मी म्हणत नाही. जीव द्यायला निघालेल्याला कधी कधी वॉर्डच लागतो. ज्या बाईला घरातच मारहाण होते, तिच्यासाठी घर ही उपचाराची जागा होऊ शकत नाही. हे ठरवायला पथक दारात यावे लागते, आणि आपल्या वस्तीत ते यायचे तर त्यात उर्दू समजणारी एक तरी नर्स हवी. परपुरुषासमोर तोंड न उघडणारी आई तिच्याशी बोलेल.

आपल्या जलशांत बीमारिस्तानांचा फार गौरव होतो. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता, हे वक्ते सांगतात. त्याच्या वक्फनाम्यात घरी पडून असलेल्या गरीब रुग्णाला औषध आणि अन्न पोचवण्याचीही तरतूद होती, हे मात्र सांगत नाहीत. सातशे वर्षांपूर्वी वक्फच्या पैशातून जे होत होते, ते आज जमातच्या पैशातून का होऊ नये? एका नर्सचा पगार आणि रिक्षाभाडे एवढ्यापासून सुरुवात होते. येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना जमातच्या विश्वस्तांनी हा खर्च बसतो का, ते आपल्या उलेमांना विचारावे. बसत नसेल तर सदक्यातून करावा. आणि त्याच आठवड्यात सिव्हिल सर्जनकडे लेखी अर्ज द्यावा : १८ व्या कलमाखाली आमच्या जिल्ह्यात घरी येणारे पथक कोणते, त्यात कोण आहे आणि ते कोणत्या वारी येते.