माशांआधी पाणी तयार करा

संक्रांतीला जबलपूरच्या तिलवारा घाटावर मेळा भरतो. मोठ्यांचे लक्ष स्नानाकडे आणि तिळाकडे असते. मुलांचे मात्र पाण्यातल्या माशांकडे. कणकेची गोळी पडली की पाणी कसे उसळते, हे एकदा पाहिले की घरी परतताना ‘आपणही मासे पाळू या’ हा हट्ट ठरलेलाच. आईवडीलही कौतुकाने टाकी आणतात. टाकी, खडे, फिल्टर, दिवा आणि सहा-आठ रंगीत मासे, सगळे एकाच संध्याकाळी घरात येते.

पहिले चार दिवस घरातल्या कुणाचेच टी.व्ही.कडे लक्ष नसते. मग एक मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो मेलेला असतो. पंधरवड्यात निम्मे मासे जातात. दुकानदार म्हणतो, मासे नाजूक होते. आजी म्हणतात, आपल्या घराला मासे लाभत नाहीत. सर्वांत वाईट म्हणजे ज्या मुलाने हौसेने खाद्य घातले, त्याला वाटते की आपल्याच हातून काही चुकले.

लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नाही. टाकी तयार होण्याआधीच मासे आणले गेले, एवढेच खरे कारण असते.

स्वच्छ दिसते, पण आहे का?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच बनतो. नर्मदेसारख्या नदीत अफाट पाणी असते, प्रवाह असतो आणि तळाच्या प्रत्येक दगडावर कोट्यवधी जिवाणू हा अमोनिया संपवत असतात. पन्नास लिटरच्या काचपेटीत यांपैकी काहीच नसते. पाणी आरशासारखे नितळ दिसते, वासही येत नाही. पण मासा स्वतःच्याच मलमूत्रात कोंडलेला असतो.

निसर्गाने यावर केलेली व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नायट्राइटही विषारीच आहे. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते, म्हणून भरपूर हवा सोडूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर पुरेसे वाढेपर्यंत थांबणे, यालाच जाणकार टाकी ‘सायकल’ करणे म्हणतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पहिली चाचणी नळाच्या पाण्याची

टाकीबरोबर दिव्यापेक्षा आधी थेंबांचे टेस्ट किट विकत घ्या. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पी.एच. या चार चाचण्या हव्यात. कागदी पट्ट्या सोप्या असतात, पण थेंबांची चाचणी अधिक भरवशाची.

टाकी भरण्यापूर्वी घरचेच पाणी तपासा. बोअरिंगच्या पाण्यात पुष्कळदा आधीपासूनच नायट्रेट असते. ते ठाऊक नसेल, तर पुढे आकडा पाहून टाकी तयार झाली असा गैरसमज होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, पावसाळ्यात तर जास्तच. क्लोरीन जिवाणूंनाही मारते. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे औषध वापरा. क्लोरामीन घातलेले पाणी असेल, तर नुसते ठेवून भागत नाही, औषधच लागते.

पी.एच.कडेही लक्ष हवे. नर्मदेचे पाणी साधारणपणे किंचित अल्कधर्मी असते. पी.एच. ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. मात्र म्हणून पाण्यात आम्ल घालून पी.एच. उतरवू नका. तो फार खाली गेला की जिवाणूंची वाढ मंदावते.

चाचणी कशी कराल?

परीक्षानळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा आणि खुणेपर्यंत भरा. बाटली सरळ उलटी धरून थेंब मोजा. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटची बाटली आधी जोरजोराने हलवा, नाहीतर आकडा खोटा येतो. सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून मोजा आणि रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ताडून पाहा. किटवरील मुदतीची तारीख पाहायला विसरू नका. ही रसायने मुलांच्या हाती लागू देऊ नका. तपासलेले पाणी मोरीत ओता, टाकीत परत नको.

सहा आठवड्यांचे वेळापत्रक

फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि टाकीत मासा नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि तोच जिवाणूंचा आहार. एक दिवसाआड पाणी तपासून भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, आकडे लिहा.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया वाढेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. याच सुमारास बरेच जण ‘अमोनिया शून्य झाला’ म्हणून मासे आणतात आणि फसतात. नायट्राइटही शून्यावर यायला हवे. रोजचे खाद्य चालू असताना लागोपाठ चार-पाच दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेले दिसले की टाकी तयार झाली. मग अर्धे पाणी बदला आणि फक्त दोन-तीन मासे आणा. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून आणखी एक-दोन.

घाई असेल तर एक सोपा उपाय आहे. ओळखीच्या घरी मासे निरोगी असलेली जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरचा थोडा स्पंज ओलाच मागून आणा. ज्यासाठी आपण विरजण मागून आणतो, त्यासाठीच हे. तरीही चाचणी टाळू नका.

जबलपूरच्या थंडीत रात्री पाणी फार गार होते आणि जिवाणूंची वाढ रेंगाळते. तेथे हीटर लावा किंवा दोन आठवडे जास्त धरा. उन्हाळ्यात उलटी अडचण असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. त्यातून वीज जास्त वेळ गेली की बंद फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असू द्या. फिल्टर धुताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा; नळाखाली धुतला तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

मासे आधीच आणले असतील तर

घाबरून सगळी टाकी धुऊन काढू नका. खाद्य एक दिवसाआड आणि अगदी थोडे घाला. रोज चाचणी करा. अमोनिया किंवा नायट्राइटचा रंग शून्यापेक्षा जरा जरी वर दिसला, तरी पाव भाग पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन नसलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे हवे. असे काही आठवडे सांभाळले तर बरेचसे मासे तगतात.

आणि कंटाळा आला, म्हणून ते मासे घाटावर नेऊन सोडण्याचे पुण्य मुळीच घेऊ नका. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकरमाऊथ कॅटफिश मूळचा दक्षिण अमेरिकेतला. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. अशा परक्या माशांमुळे नर्मदेतल्या महसीरसारख्या स्थानिक माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर गदा येऊ शकते. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी घराला द्या.

रिकाम्या टाकीपुढे सहा आठवडे बसायचे, म्हटल्यावर मुले कुरकुरतील. त्यांनाच थेंब मोजायला लावा, अर्थात आपण शेजारी बसून. रंग पिवळ्याचा हिरवा आणि पुन्हा पिवळा होताना पाहण्यातही मौज आहे. आकडे मुलांनीच लिहिले की मासे कधी आणायचे, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही, तेच सांगतील.