विश्लेषण : तोंडाच्या दुर्गंधीवर ‘चांगल्या जिवाणूं’ची गोळी, उपाय की नुसता गाजावाजा?

माउथवॉश सोडा, प्रोबायोटिक गोळी चघळा आणि तोंडाचा वास विसरा, अशा थाटाच्या जाहिराती सोशल मीडियावर दिसू लागल्या आहेत. चारचौघांत तोंडावर हात धरून बोलावं लागणाऱ्या माणसाला हा दावा भुरळ घालतोच. पण त्यात तथ्य किती?

वास येतो कुठून?

‘पोट साफ नाही म्हणून वास येतो’ हा आपल्याकडचा लाडका समज. प्रत्यक्षात ८० ते ९० टक्के लोकांमध्ये वासाचं मूळ तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि दात-हिरड्यांमधल्या फटी इथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू राहतात. ते प्रथिनं फोडतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन असे गंधकयुक्त वायू सोडतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी वास जास्त येतो. उपवासातही तोंड कोरडं पडलं की तेच होतं.

गोळी काय करते?

माउथवॉश जिवाणू मारतो, पण ते पुन्हा वाढतात. प्रोबायोटिकचा डाव वेगळा आहे : मोकळ्या झालेल्या जागेवर निरुपद्रवी जिवाणू बसवायचे. यातला सर्वाधिक गाजलेला ‘स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के-१२’. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉन टॅग यांनी तो पुढे आणला. हा जिवाणू इतर काही जिवाणूंना रोखणारी प्रथिनं स्वतःच तयार करतो.

पुरावा काय सांगतो?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुर्गंधीचा त्रास असलेले २३ जण होते. एका आठवड्यानंतर के-१२ घेणाऱ्या ८५ टक्के लोकांमध्ये या वायूंचं प्रमाण लक्षणीय घटलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. आकडा मोठा वाटतो, पण सहभागी मोजकेच होते. गोळीआधी सगळ्यांनी तीन दिवस क्लोरहेक्सिडिनने चुळा भरल्या होत्या. शिवाय संशोधकांमध्ये स्वतः टॅग होते आणि के-१२ विकणाऱ्या ब्लिस टेक्नॉलॉजीज कंपनीचे संस्थापकही तेच.

२०२२ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ७ चाचण्यांचा, म्हणजे २७८ जणांचा एकत्रित आढावा आला. नाकाने वास घेऊन दिलेल्या गुणांत प्रोबायोटिक घेणारे सरस ठरले. वायूंचं प्रमाण मात्र पहिल्या चार आठवड्यांपुरतंच कमी दिसलं. जिभेवरचा थर आणि दातांवरचं कीटण यांत ठळक फरक पडला नाही.

म्हणजे वास काही काळ दबतो, पण तो जिथे तयार होतो ती घाण तशीच राहते.

घ्यायचीच असेल तर?

- गिळायची कॅप्सूल तोंडात थांबत नाही. तोंडात हळूहळू विरघळणारी गोळी निवडा.
- पाकिटावर जिवाणूच्या नेमक्या वाणाचं नाव आणि मुदत पाहा. नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिणं पुरेसं नाही.
- भारतात अशी उत्पादनं सहसा पूरक आहार म्हणून विकली जातात. पूरक आहाराला आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही.
- प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आधी काय करावं?

दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींची सफाई आणि जिभेच्या मागच्या भागापर्यंत टंग क्लीनर. तंबाखू-गुटखा बंद. पाणी भरपूर. एवढं करूनही वास टिकला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा दात हलू लागले, तर दंतवैद्याकडे जा. हा हिरड्यांचा आजार असू शकतो. मधुमेह असलेल्यांच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास आला आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठा.

खरा धोका इथेच आहे. गोळीचे पैसे वाया गेले तर फार बिघडत नाही. पण दबलेल्या वासामुळे हिरड्यांचा आजार महिनोनमहिने लक्षातच आला नाही, तर दात गमवावे लागू शकतात.