हात ‘तयार’ होत नसतो

मेकॅनिकच्या हाताला काही होत नाही, सहा महिन्यांत हात तयार होतो. मुंबईत माहुलपासून चेंबूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे ऐकायला मिळतं. बोलणारा बहुधा आयुष्यभर पाना चालवलेला उस्ताद असतो, म्हणून त्याला उलट कोणी बोलत नाही.

उस्तादांचं अर्धं खरं आहे. ग्रीस, डिझेल, कूलंट यांत रोज बुडणारं कातडं राठ होतं, आणि काहींना त्याचा त्रास पुढे कमी जाणवतो. पण ज्यांचा हात तयार झाला नाही ते गेले कुठे? कोणी रिक्षा चालवायला लागला, कोणी सिक्युरिटीत गेला. उस्तादांच्या डोळ्यांसमोर उरतात ते टिकलेले. टिकलेल्यांकडे बघून धंद्याला निर्दोष ठरवणं म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी फक्त पास झालेले मोजण्यासारखं आहे.

शिवाय त्वचेची एक तऱ्हा सवयीच्या नेमकी उलट चालते. रबरातली रसायनं, बॉडी भरायच्या इपॉक्सीचं हार्डनर, हत्यारांवरचं निकेल यांची ॲलर्जी एकदा जडली की शरीर ती विसरत नाही. वर्षानुवर्षं काही न झालेल्या माणसाला एके दिवशी सुरू होते, आणि नंतर थोडासा स्पर्शही पुरतो. पंधरा वर्षं हार्डनर हाताने कालवला, आताच काय झालं, असं म्हणणाऱ्याला हेच झालेलं असतं.

दुसरा दावा: पेट्रोलने हात स्वच्छ होतात. काळेपणा जातो, यात वाद नाही. संध्याकाळी डबीत थोडं पेट्रोल ओततात, त्यात बोटं बुडवून चिंधीने खसाखसा पुसतात, वरून कपड्यांची पावडर आणि लाकडाचा भुसा. पेट्रोल ग्रीससोबत कातडीचं स्वतःचं तेलही विरघळवून नेतं. ते गेलं की नखांच्या कडेला आणि पेरांवर भेगा पडतात, आणि दुसऱ्या दिवशीचं ब्रेक ऑइल त्याच भेगांतून आत शिरतं. ज्या पेट्रोलमध्ये बेंझिन हे घातक रसायन असतं, आणि म्हणूनच त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे, त्या पेट्रोलनेच जेवणाआधी हात धुवायचे! पेट्रोलऐवजी चमचाभर खाण्याचं तेल चोळून, पुसून, मग साध्या साबणाने हात धुतले तरी ग्रीस निघतं. उस्ताद हसतील. करून बघावं.

खिशातल्या चिंधीबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. डिपस्टिक पुसायची, नट पुसायचा आणि चिंधी पँटच्या खिशात कोंबायची. तेल कापडातून मांडीला आणि जांघेला लागतं. तिथे केसांच्या मुळाशी काळी टोकं असलेल्या पुटकुळ्या उठतात; पोरं त्याला ‘गरमी’ म्हणतात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांचं तेल विजारीतून झिरपून कामगारांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होत असे. हा वैद्यकशास्त्राचा जुना, सिद्ध झालेला धडा आहे, आणि गिरणगाव पाहिलेल्या मुंबईला तो परका वाटू नये. आजचं नवं इंजिन ऑइल त्या तेलापेक्षा कितीतरी शुद्ध असतं. पण गाडीतून काळं होऊन निघालेल्या ऑइलमध्ये जळिताची घातक संयुगं साठलेली असतात, आणि प्रयोगात उंदरांच्या कातडीवर त्याने गाठी उठलेल्या आहेत. चिंधी खिशाऐवजी खिळ्याला टांगायला काही खर्च नाही.

आता खास माहुलचा युक्तिवाद: इथे सगळ्यांनाच खाज येते, रिफायनरीची हवा आहे, गॅरेजला कशाला दोष? माहुलच्या हवेचं दुखणं खोटं नाही. २०१५ मध्ये हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांची तक्रार मान्य केली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून इथे आणलेल्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश काढला. पण या खऱ्या दुखण्याच्या आडोशाला गॅरेजमालकाने उभं राहू नये. हवेतून येणारा दाह आधी डोळे, पापण्या, मान अशा उघड्या जागी दिसतो. मेकॅनिकचा इसब बोटांच्या बेचक्यांत, पेरांवर, मनगटाशी बसतो. ज्या हाताने तो पार्ट डब्यात बुडवतो त्या हाताला जास्त. त्याच खोलीत, त्याच हवेत झोपणाऱ्या त्याच्या पोरांची बोटं का चिरत नाहीत?

हा इसब ओळखला जात नाही, याला मेडिकलच्या काउंटरचाही हातभार आहे. खाज म्हटली की नायटा, आणि नायटा म्हटलं की स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवस छान वाटतं. असली स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी नाव सांगितलं की ट्यूब मिळते. इसबाचं कारण डब्यात तसंच राहतं, आणि कातडी पातळ होत जाते.

कायदा तरी काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत खनिज तेलाने होणाऱ्या पुटकुळ्या आणि त्वचादाह स्पष्ट लिहिलेले होते. आता त्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही ते आहेत. म्हणजे रोग सरकारला ठाऊक आहे. अडतं ते डोकी मोजताना. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की कारखाना होत असे. नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. एक उस्ताद, दोन मिस्त्री आणि एक पोरगा असलेल्या पत्र्याच्या गॅरेजात कारखान्याचा निरीक्षक येणार नाही, डॉक्टरने कळवायचं तेही राहतं. संख्या कमी असली की ऑइल सौम्य होतं, असं तर नाही ना!

‘हातमोजे घालून बारीक नट लागत नाही’ हा आक्षेप मला पटतो. फिरत्या बेल्टजवळ तर मोजे घालूच नयेत, बोट ओढलं जातं. पण ऑइल काढणं, पार्ट धुणं, हार्डनर कालवणं ही कामं पातळ नायट्राइल मोज्यांत आरामात होतात. दवाखान्यातले पांढरे रबरी मोजे इथे निरुपयोगी. पेट्रोलमध्ये ते फुगतात.

राहिला खर्च. चार माणसांचे महिन्याचे मोजे एखाद्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात बसतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ अशी एक ओळ असते आणि आपण ती निमूट भरतो. माहुल रोडवरच्या मिस्त्रीने बिलात मोजे आणि साबण अशी ओळ लिहिली, तर तिथे घासाघीस करायची नाही.